वापरलेली ऑफ-रोड गाडी घेताना: स्टॉक की मॉडिफाय केलेली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधी कार घेताना किलोमीटर, सर्व्हिसची नोंद आणि एक चक्कर एवढ्यावर बराच अंदाज येतो. दगड, चिखल आणि पाणी पाहिलेल्या गाडीचं तसं नसतं. तिचं खरं आयुष्य पोटाखाली, चासीच्या (म्हणजे लोखंडी सांगाड्याच्या) पोकळीत आणि डिफरन्शिअलच्या (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तेलात लिहिलेलं असतं. त्यात कुणी लिफ्ट (गाडी उंच करणारं सामान), मोठे टायर, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा), विंच (दोराने ओढणारी मोटर) बसवलं असेल तर तुम्ही गाडीसोबत त्या माणसाचं कामही विकत घेत असता. ते काम चांगलं आहे का, हे कसं ओळखायचं, यावरच बहुतेक प्रश्न येतात.

पहिलीच ऑफ-रोड गाडी घेतोय. स्टॉक घेऊ की तयार मॉडिफाय केलेली?

पहिली असेल तर स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, घ्या, असं मी स्पष्टच सांगेन. तुम्हाला अजून काय लागणार आहे हेच माहीत नसतं. वाळूत जाणाऱ्याच्या गरजा वेगळ्या, खडकांवर चढणाऱ्याच्या वेगळ्या, आणि आठ-आठ दिवस सामान लादून लांब फिरणाऱ्याच्या आणखी वेगळ्या. दुसऱ्याने स्वतःच्या हौसेसाठी तयार केलेली गाडी तुमच्या वापराला जुळेलच असं नाही. लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) असलेली, चांगल्या टायरवर उभी असलेली निरोगी स्टॉक गाडी शिकाऊ चालकाला त्याच्या कौशल्यापेक्षा बरंच पुढे नेते. शिवाय तिचं सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग, गिअरिंग हे सगळं कंपनीने एकमेकांशी जुळवून दिलेलं असतं.

मॉडिफाय केलेली गाडी घ्यायची ती तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच: बदल तुमच्या वापराचे आहेत, प्रत्येक भागाचं बिल आहे, आणि ज्याने बसवले त्याला ते का बसवले हे सांगता येतं.

मधला एक मार्गही आहे, त्याकडे बरेच जण पाहत नाहीत. काही गाड्या कंपनीतूनच तयार होऊन येतात. जीप रँग्लरची रुबिकॉन आवृत्ती २००३ पासून मिळते. त्यात पुढे-मागे डाना ४४ या मजबूत प्रकारचे अ‍ॅक्सल, दोन्हीकडे लॉकर आणि ४:१ ची लो रेंज कंपनीचीच. अशी जुनी गाडी घेतली तर ताकदही मिळते आणि कुणाच्या तरी घरच्या वेल्डिंगवर विसंबावं लागत नाही.

मॉडिफाय केलेली घेतली की सामान फुकटात पडतं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं आहे. भागांवर आणि मजुरीवर घातलेला पैसा विकताना क्वचितच पूर्ण वसूल होतो, त्यामुळे घेणाऱ्याचा फायदा होऊ शकतो. विक्रेता मात्र बिलांची बेरीज करून किंमत सांगतो. तुम्ही हिशेब उलटा करा. हीच गाडी स्टॉक असती तर कितीला घेतली असती, तिथून सुरुवात करा. त्यात फक्त तेवढ्याच वस्तू मिळवा ज्या तुम्ही स्वतः बसवल्या असत्या. जे काढावं किंवा दुरुस्त करावं लागेल ते वजा करा. बाजारात ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा लिफ्ट किटची किंमत मी शून्य धरतो.

काढून ठेवलेले मूळ भाग आहेत का, तेही विचारा. मूळ स्प्रिंग, बंपर, रिम सोबत मिळाले तर उद्या गाडी पूर्ववत करता येते, आणि विकतानाही त्यांचा उपयोग होतो.

विक्रेत्याशी काय बोलावं?

फोनवरच बरंच कळतं. डिफरन्शिअल आणि ट्रान्सफर केसचं (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीचं) तेल शेवटी कधी बदललं, हा माझा पहिला प्रश्न असतो. गाडी जपणारा माणूस अडखळत नाही; इंजिन ऑइलपलीकडे काही बदलायचं असतं हे ज्याला ठाऊकच नाही तो गप्प होतो. मग विचारा: सगळ्यात खोल पाण्यात कधी गेली होती? काय काय तुटलं आणि त्याच्या जागी काय बसवलं? लिफ्टनंतर अलाइनमेंट कुठे केली? स्पीडोमीटर दुरुस्त करून घेतला का?

"कधीच काही तुटलं नाही" हे उत्तर ऐकून खूश होऊ नका. खरोखर ऑफ-रोड वापरलेल्या गाडीत काहीतरी तुटतंच, आणि जो ते मोकळेपणाने सांगतो त्याच्याकडची गाडी पाहायला जावं. पाहायला जाताना इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असं आवर्जून सांगा. थंड इंजिन सुरू होताना जो धूर आणि आवाज येतो तो गरम इंजिनात लपतो.

"ऑफ-रोड कधी नेलीच नाही" असं सांगतात. ओळखायचं कसं?

टॉर्च घ्या आणि खाली झोपा. स्किड प्लेटवर (खालच्या संरक्षक पत्र्यावर) ओरखडे, सस्पेन्शनच्या लोअर आर्मवर घासल्याच्या खुणा, दारांखालच्या पट्टीत आतून आलेला पोचा, सायलेन्सरच्या पाइपला बसलेला दाब, टो हुकच्या आतल्या बाजूला उडालेला रंग: यातलं काहीही डांबरी रस्त्यावर सहसा होत नाही. चासीला किंवा बंपरला विनाकारण भोकं दिसली तर तिथे कधीतरी काहीतरी बसवलेलं होतं. मॉडिफाय केलेली गाडी विकण्याआधी परत स्टॉक करण्याचा प्रकार सर्रास चालतो. स्प्रिंग नवीन आणि बाकी बुश फाटलेले, असं दिसलं तर शंका घ्या.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑफ-रोड गेली म्हणून गाडी वाईट होत नाही. उलट ज्या गाडीचा फोर बाय फोर वर्षानुवर्षं लावलाच नाही, तिच्यात तो जाम होण्याचा धोका असतो. फोर बाय फोर लावणारी शिफ्ट मोटर अडकते, पुढची चाकं जोडणाऱ्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या हबच्या नळ्या कडक होऊन तडकतात, पुढे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, ग्रीसअभावी सुकतात. जपून ऑफ-रोड वापरलेली गाडी मला अशा बंद ठेवलेल्या गाडीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

गाडीखाली नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी चासी. बाकी प्रत्येक गोष्ट पैसे टाकून बदलता येते. सडलेली चासी बदलणं म्हणजे जवळजवळ गाडी पुन्हा बांधणं. शिडीसारख्या चासीचे दोन लांब बीम बहुतेक वेळा आतून पोकळ असतात. चिखल, मीठ आणि ओल आत साचते आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून वरून रंग छान दिसतो आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की तो आत जातो. मागच्या चाकांच्या वर जिथे चासी वळते ती जागा, सस्पेन्शनचे आर्म जोडलेले कंस, स्प्रिंगच्या बैठका आणि मागचा आडवा बीम इथे लहान हातोडीने हलकेच ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा भद्द. टोयोटासारख्या कंपनीच्या गाडीलाही हे चुकलेलं नाही: १९९५ ते २००० च्या टॅकोमा पिकअपच्या चासी इतक्या सडत होत्या की २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत त्यांची गंजाची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि बऱ्याच गाड्या परत विकत घेतल्या. समुद्रकिनारी किंवा बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरलेली गाडी असेल तर ही तपासणी दुप्पट वेळ देऊन करा.

विकण्याच्या तोंडावर मारलेला ताजा काळा अंडरकोट ही माझ्या मते लाल खूण आहे. खाली काय आहे ते पाहू न देण्यासाठीच तो बहुतेकदा मारलेला असतो.

गंजानंतर तडे. स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्ट केलेला असतो तिथे मोठ्या टायरच्या गाड्यांत बारीक चिरा पडतात, कारण वळताना टायर जितका मोठा तितका त्या जागेवर ताण जास्त. पॅनहार्ड रॉडचा (चाकांची जोडी आडवी सरकू न देणाऱ्या दांड्याचा) कंस, शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठका, कमानपाट्यांचे शॅकल या जागाही तशाच. कुठे कंपनीचं नसलेलं वेल्डिंग दिसलं तर नीट पाहा. एकसारखी, सपाट पसरलेली, दोन्ही पत्र्यांत मुरलेली शिलाई असेल तर काम जाणकाराचं. वर नुसते गोळे बसलेले दिसले, त्यावर जाड रंग थापलेला असला, तर त्या जोडावर तुमच्या कुटुंबाचा जीव टांगायचा का, एवढाच प्रश्न उरतो.

मग तेलं. डिफरन्शिअलचा फिलर प्लग उघडू देतात का विचारा. प्रामाणिक विक्रेता हरकत घेत नाही. बोट बुडवून तेल पाहा. दुधाळ किंवा कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. प्लगच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट साठणं हे नेहमीचं. बोटाला टोचणारे तुकडे मिळाले तर क्राउन-पिनियन (आतली मुख्य गिअरजोडी) किंवा बेअरिंगचं काम निघालंच. ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सलाही हाच नियम. पिनियनच्या ऑइल सीलपाशी थोडी ओल असणं जुन्या गाडीत चालतं, थेंब पडत असेल तर किमतीत धरा.

शेवटी चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा. वर-खाली प्ले म्हणजे बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन. आडवा प्ले म्हणजे बहुधा टाय रॉड. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर चाकाला ताकद नेणाऱ्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट बोटांनी ताणून आतल्या घड्या पाहा, तडे तिथेच पडतात.

फोर बाय फोर आणि लो रेंज कशी तपासायची?

पार्ट-टाइम फोर बाय फोर असेल तर कोरड्या डांबरावर लावून वळू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शिअल नसल्याने ताण सगळ्या शाफ्टमध्ये अडकतो. माती, वाळू किंवा खडीची जागा शोधा. फोर-हाय लावा, सरळ आणि वळवून चालवा, मग थांबून न्यूट्रलमध्ये फोर-लो लावा. पुढेही जा, रिव्हर्समध्येही जा, आणि परत टू-हायमध्ये आणा. बाहेर न येणारी लो रेंज हीसुद्धा बिघाडच. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणून विश्वास ठेवू नका. लो रेंजमध्ये क्लच सोडताच गाडी पहिल्या गिअरमध्ये अगदी मुंगीच्या चालीने निघाली पाहिजे, आणि पुढची चाकं खरोखर ओढतायत हे बाहेर उभ्या माणसाने पाहिलं पाहिजे.

फुल-टाइम फोर बाय फोरमध्ये चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे आहेत का बघा. दोन नवे दोन जुने असे कुणी बराच काळ चालवले असतील तर पुढे-मागे ताकद वाटणारं व्हिस्कस कपलिंग किंवा क्लच प्लेटा सतत घासल्या गेलेल्या असतात.

लिफ्ट केलेली गाडी दिसली. किती लिफ्टपर्यंत निश्चिंत राहावं?

दोन इंचांपर्यंत चांगल्या स्प्रिंग आणि जुळणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरने केलेली लिफ्ट बहुतेक गाड्या विनातक्रार सहन करतात. त्यापुढे प्रत्येक इंचाबरोबर भूमिती बिघडत जाते आणि ती सुधारण्यासाठी लागणारे भाग लावले आहेत की नाहीत, यावर सगळं ठरतं.

सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत लिफ्टमुळे कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर भरकटते, आणि झिजलेल्या जॉइंटची भर पडली तर वेगात खड्डा लागताच सगळं पुढचं टोक थडथडायला लागतं. त्याला जगभर डेथ वॉबल म्हणतात. विक्रेता म्हणेल की स्टिअरिंग डॅम्पर बदलला की जातं. डॅम्पर ते फक्त झाकतो; कारण पॅनहार्ड रॉडच्या बुशमध्ये, टाय रॉडमध्ये किंवा बेअरिंगमध्ये असतं. पॅनहार्ड रॉड मूळ लांबीचाच ठेवला असेल तर लिफ्टनंतर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो: मागे उभं राहून दोन्ही बाजूंचे टायर बॉडीबाहेर किती आलेत ते मोजा.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये दुखणं वेगळं. सीव्ही शाफ्टचा कोन तिरका होतो, बूट लवकर फाटतात, बॉल जॉइंट शेवटपर्यंत ताणलेले राहतात. आणि ज्या लिफ्टमध्ये मूळ स्प्रिंगखाली किंवा वर फक्त गोल ठोकळे घातले आहेत, तिथे उंची वाढते पण चाकाची हालचाल वाढत नाही. मला ती लिफ्ट म्हणण्यासारखी वाटत नाही.

ब्रेकच्या रबरी नळ्या विसरू नका. चाक पूर्ण लोंबकळत ठेवून त्या ताणल्या जातात का पाहा. दोन्ही प्रोपेलर शाफ्टचे कोन पाहा, विशेषतः लहान व्हीलबेसच्या गाडीत; ६० ते ९० च्या वेगात घुरघुर किंवा कंप जाणवला तर बहुधा तेच कारण. बॉडी लिफ्ट म्हणजे चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे. त्यात सस्पेन्शनला काही होत नाही, पण स्टिअरिंगचा दांडा, फॅनचं कव्हर आणि अर्थिंगच्या वायरी ताणल्या जातात.

मोठे टायर बसवलेत. त्यात काय लपलेलं असू शकतं?

किलोमीटर. हे फार कमी लोक मोजतात म्हणून उदाहरण देतो. मूळ टायर ३१ इंच व्यासाचे होते आणि ३५ इंची बसवून मीटर तसाच ठेवला, तर मीटरवर १०० दिसताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ११३ ने चाललेली असते. ओडोमीटरही तितकाच मागे पडतो. त्या टायरवर नोंदलेले १ लाख किलोमीटर खरे १ लाख १३ हजारांच्या आसपास असतात.

दुसरी गोष्ट गिअरिंग. तीच ३१ ची ३५ इंची केलेली गाडी, मूळ अ‍ॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.७३ धरला, तर आता जणू ३.३० वर चालते आहे. चढावर इंजिन दमतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सतत गिअर शोधतो आणि तापतो, मॅन्युअलमध्ये क्लच जळतो. मूळ तालावर आणायला ४.२१ च्या जवळपासचा रेशो लागतो, व्यवहारात ४.१० किंवा वजनदार गाडीला ४.५६ घालतात. रेशो बदलला आहे असं सांगितलं तर दोन्ही अ‍ॅक्सलचं बिल मागा. पुढे एक आणि मागे दुसरा रेशो असेल तर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केसची वाट लागते.

टायरचं वय बाजूच्या चार आकड्यांवरून कळतं. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खोल नक्षी शिल्लक असूनही सहा वर्षांपुढचा टायर जाणकाराला दाखवा, दहापुढचा बदलायचाच. स्टेपनीही त्याच मापाची हवी, आणि ती मागच्या दारावर टांगलेली असेल तर दार उघडून वर उचलून पाहा. वजनाने बिजागऱ्या खाली बसतात. टायर बाहेर यावेत म्हणून व्हील स्पेसर किंवा कमी ऑफसेटचे रिम घातले असतील तर बेअरिंगवरचा भार वाढलेला असतो.

लॉकर आहे म्हणतात. चालतो का हे कसं कळेल?

एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं हवेत सुरक्षित उचला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. साध्या डिफरन्शिअलमध्ये दुसरं चाक उलट फिरतं. लॉकर लावल्यावर दोन्ही एकाच दिशेने फिरले पाहिजेत. बंद केल्यावर पुन्हा उलट फिरतं का, हेही पाहा. हवेवर चालणारा लॉकर असेल तर काँप्रेसर सुरू करून, मग थांबल्यावर दाब टिकतो का ऐका. तो दर मिनिटाला पुन्हा सुरू होत असेल तर नळी किंवा आतलं सील गळतंय, आणि सीलचं काम म्हणजे डिफरन्शिअल उघडणं. स्वयंचलित लॉकर रस्त्यावर वळताना कटकट आवाज करतो. तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे, पण रोज चालवायची गाडी असेल तर एकदा ऐकून ठरवा.

पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत गाळाची रेघ दिसते, कारण तिथपर्यंत धुणारा कुणी जात नाही. मग सीटच्या रुळाखाली, फ्यूजबॉक्सच्या मागे, हेडलाइटच्या कोपऱ्यात, गालिच्याखालच्या फोममध्ये बघा. वायरच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज असेल तर पुढची दोन वर्षं कधी हा दिवा, कधी तो सेन्सर असंच चालेल.

नदी ओलांडणं आणि बुडणं यात फरक आहे, हेही लक्षात घ्या. पण साध्या नदी ओलांडण्यातही गरम डिफरन्शिअल थंड पाण्यात जातं, आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी शोषलं जातं. ब्रीदरची (डिफरन्शिअलला हवा येऊ-जाऊ देणारी) नळी वर बोनेटपर्यंत नेली असेल तर मालकाला हे माहीत होतं. स्नॉर्केल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) दिसलं म्हणून खोल पाण्याची तयारी आहे असं मानू नका. जोड सीलबंद आहेत का, एअर फिल्टरच्या डब्याचं खालचं निचऱ्याचं भोक कसं ठेवलंय, हे बघा. फिल्टर काढून त्याच्यापुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या नळीत पांढरं कापड फिरवा. धूळ आली तर ती इंजिनात गेलेली आहे आणि रिंगा-लायनर घासले गेले आहेत. चालू इंजिनचं तेलाचं झाकण सैल करून फुसफुस किती येते तेही पाहा.

विंच, लोखंडी बंपर, जादा दिवे: यांचं काय?

विंच प्रत्यक्ष चालवून बघा, दोर पूर्ण बाहेर काढून. तारेचा दोर असेल तर तुटलेले धागे, सिंथेटिक असेल तर उन्हाने कडक झालेला आणि उसवलेला भाग शोधा. क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट असावी, आणि ती क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थरावरच मिळते.

जास्त काळजी वायरिंगची करा. १२ व्होल्टची विंच पूर्ण भाराखाली ४०० अँपिअरहून अधिक करंट ओढू शकते. तिची जाड केबल पत्र्याच्या धारेवर घासत असेल तर ती आगीची तयारी आहे. दिवे, फ्रिज, काँप्रेसर, दुसरी बॅटरी: प्रत्येकाला बॅटरीजवळ फ्यूज आहे का? मूळ वायर सोलून वर टेप गुंडाळलेले जोड दिसले तर एका चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे दोन-तीन दिवस खर्चात धरा. लोखंडी बंपर एअरबॅगच्या सेन्सरला मान्य असलेला आहे का, हेही विचारून घ्या.

इतकं सामान लादलेली गाडी जड होत नाही का?

होते, आणि याच एका मुद्द्यावर मला बहुतेक दिमाखदार गाड्या नको वाटतात. समजा एखाद्या गाडीची भारक्षमता ६०० किलो आहे. बंपर, विंच, स्लायडर (दारांखालचे संरक्षक पाइप), स्किड प्लेट, छतावरचा रॅक आणि तंबू, ड्रॉवर, दुसरी बॅटरी, पाण्याची टाकी यांतच ३५० ते ४०० किलो सहज जातात. मग चार माणसं बसली की मर्यादा ओलांडली. ब्रेक, बेअरिंग, चासी सगळं त्या मर्यादेसाठीच बनलेलं असतं. जवळचा वजनकाटा शोधा आणि गाडी त्यावर चढवा. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला, कारण एकूण वजन बसलं तरी मागचा अ‍ॅक्सल जास्त भरलेला असू शकतो. छताची चालत्या गाडीतली क्षमता उभ्या गाडीपेक्षा बरीच कमी असते, तीही माहितीपुस्तिकेत पाहा.

इंजिनला चिप किंवा रीमॅप केलं असेल तर?

कुणी केलं आणि इंजिनच्या संगणकाची मूळ फाइल आहे का, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर मी पुढे जात नाही. धूर नियंत्रणाचे भाग, म्हणजे ईजीआर किंवा डीपीएफ, काढले असतील तर अनेक देशांत ती गाडी तपासणीत अडकते. स्कॅनर लावा. रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) अपूर्ण दिसले तर बहुधा कुणीतरी नुकतेच एरर कोड पुसले आहेत; ५०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासू द्या, असं म्हणा.

ठराविक मॉडेलच्या ठराविक खोडी असतात का?

असतात, आणि त्या आधी वाचून गेलात तर विक्रेत्यालाही कळतं की समोरचा तयारीने आलाय. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबलं. तिचे पत्रे ॲल्युमिनियमचे आणि सांगाडा लोखंडाचा, त्यामुळे दोन धातू जिथे भिडतात तिथे ॲल्युमिनियम पांढरं पडून फुगतं, आणि मागचा आडवा बीम व पुढची बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) सडते. १९९० च्या दशकातल्या लँड क्रूझर ८० ला पुढच्या नकलची (चाक वळवणाऱ्या सांध्याची) सील गळून डिफरन्शिअलचं तेल आणि ग्रीस एकत्र होऊन काळा लगदा बाहेर येतो. काम कष्टाचं आहे पण घाबरण्यासारखं नाही. जीप रँग्लर टीजेची चासी मागच्या कंट्रोल आर्मच्या कंसांपाशी आतून सडते. तिसऱ्या पिढीच्या जिम्नीत व्हॅक्यूम हब आणि किंगपिन बेअरिंग आधी तपासा. निस्सान पॅट्रोलच्या सुरुवातीच्या ३ लिटर झेडडी३० डिझेलमध्ये पिस्टन जळाल्याच्या तक्रारी प्रसिद्ध आहेत. तिसऱ्या पिढीपासूनच्या पजेरोला वेगळी चासी नाहीच, त्यामुळे तिला "बॉडी लिफ्ट केली" असं कुणी म्हणालं तर त्याला गाडी माहीत नाही.

चालवून बघताना कशाकडे लक्ष द्यावं?

थंड इंजिन सुरू करा आणि धूर पाहा. निळा म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू चालवा, टकटक आली तर सीव्ही जॉइंट. सुरक्षित रस्त्यावर वेग वाढवत न्या आणि कुठल्या वेगात कंप सुरू होतो ते लक्षात ठेवा. अर्धा तास चालवल्यावर लांब चढ घ्या आणि तापमानाचा काटा बघा. रेडिएटर आणि एसीच्या जाळीमध्ये वाळलेला चिखल अडकला असेल तर तो इथेच उघडा पडतो. परत आल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा गाडीखाली झोपा. गळती आता दिसते.

कागदपत्रांत काय वेगळं बघायचं?

चासी क्रमांक प्रत्यक्ष चासीवर वाचून जुळवा, कारण चासी किंवा बॉडी बदललेल्या गाड्या या वर्गात जास्त सापडतात. केलेले बदल तुमच्या इथल्या कायद्यात बसतात का, आणि विमा कंपनीला कळवले आहेत का, हे व्यवहाराआधी लेखी विचारा. न कळवलेला बदल दावा नाकारायला पुरेसा ठरू शकतो.

कशावर ताबडतोब परत फिरावं?

चासीला आरपार गंज किंवा मोठा तडा. स्टिअरिंगच्या भागांवर घरगुती वेल्डिंग. चासी क्रमांक खाडाखोड केलेला. खाली बघू न देणारा विक्रेता. या चारांपुढे किंमत कितीही कमी झाली तरी थांबू नका.

घेतली एकदाची. आधी काय करू?

नवं काहीही बसवू नका. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शिअल यांची तेलं, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदला, म्हणजे तुमची नोंद शून्यापासून सुरू होईल. क्रॉसना ग्रीस भरा, ब्रीदर मोकळे करा, सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, गाडी चाकांवर उभी असताना. मग ओळखीच्या सोप्या वाटेवर, दुसऱ्या गाडीच्या सोबतीने न्या. घरी आल्यावर धुवा, तेच बोल्ट पुन्हा तपासा. जे सैल झाले असतील त्यांच्यावर रंगाची रेघ मारून ठेवा; पुढच्या वेळी रेघ सरकलेली दिसली तर तो बोल्ट, किंवा तो ज्यात बसतो ते भोक, बदलायला झालंय.